मुंत्यानू: एका रोमानियन आडनावाचा माग कसा काढायचा

कोकणात उतरलेला साताऱ्याचा माणूस तिथे 'घाटी' होतो. साताऱ्यात त्याला कोणी घाटी म्हणत नाही, कारण तिथे सगळेच घाटावरचे. नागपूरकरांचंही तसंच. नागपुरात सगळेच नागपूरकर, मग आडनाव म्हणून ते चिकटणार नागपूर सोडून दुसऱ्या गावी बिऱ्हाड केल्यावर. रोमानियातलं 'मुंत्यानू' हे आडनाव शोधायला बसाल तेव्हा ही गोष्ट मनाशी पक्की धरा. माणूस जिथे जाऊन राहिला तिथल्या लोकांनी त्याला हे नाव दिलं. पुढे त्याची लेकरं ज्या ज्या राज्याच्या हद्दीत गेली, तिथल्या कारकुनाने नावाची शेपटी आपल्या वळणाने लिहिली.

तुमच्या घरात रोमानियन सून किंवा जावई आला असेल, नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवायची असेल, किंवा आडनावांचं नुसतंच वेड असेल, तर ह्या नावापासून सुरुवात करा. नाव साधं आहे, त्याचा अर्थ स्वच्छ आहे आणि ते फिरलंही भरपूर आहे. ह्याच्यावर हात बसला की मोल्दोव्यानू, उंगुर्यानू, ओल्त्यानू, आर्देल्यानू ही सगळी भावंडं त्याच रीतीने सोडवता येतील.

पहिली पायरी: नाव फोडून बघा

इंग्रजी अक्षरांत हे नाव एम-यू-एन-टी-ई-ए-एन-यू असं लिहितात. त्यातल्या 'ई-ए'चा उच्चार जोडून, आपल्या 'त्या'सारखा करायचा.

'मुंते' म्हणजे डोंगर. शब्द लॅटिनमधून आलेला. त्याला लागलेला 'यान' हा प्रत्यय स्लाव्ह भाषांकडून आला आणि त्याचं काम आपल्या 'कर'सारखं: अमुक ठिकाणचा. सगळ्यात शेवटचा 'ऊ' मजेदार आहे. रोमानियन भाषेत इंग्रजीतल्या 'द'चं काम करणारं उपपद शब्दाच्या आधी न येता शेवटी चिकटतं, 'उल' असं. 'मुंत्यानुल' म्हणजे 'तो डोंगरवाला'. बोलताना शेवटचा 'ल' गळाला आणि आडनावात फक्त 'ऊ' उरला. लॅटिन डोंगर, स्लाव्ह प्रत्यय आणि रोमानियन शेपूट असं तीन थरांचं हे नाव आहे. आपल्याकडे डोंगरे आहेतच, त्यामुळे मराठी कानाला हे परकं वाटू नये.

मात्र 'डोंगराळ भागातला' एवढा अर्थ लिहून वही मिटू नका. दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. रोमानियाच्या दक्षिणेला, बुखारेस्ट ज्यात येतं त्या प्रदेशाला 'मुंतेनिया' म्हणतात आणि तिथल्या माणसालाही 'मुंत्यान' म्हणतात. गंमत अशी की ह्या प्रदेशाचा दक्षिण भाग सपाट आहे, मैलोन्‌मैल मक्याची आणि गव्हाची शेतं. तिथले जुने लोक आपल्या राज्याला 'रोमानियन देश' म्हणत. 'डोंगरी देश' हे नाव वापरत ते शेजारचे, विशेषतः ईशान्येकडच्या मोल्दाव्हिया संस्थानातले लोक. म्हणजे प्रदेशाचं नावही शेजाऱ्याच्याच तोंडचं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: हे कुटुंब माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या काळी कुठे राहत होतं? मोल्दाव्हियातलं सपाटीवरचं गाव असेल तर मूळ पुरुष दक्षिणेकडून आलेला असण्याची शक्यता धरा. गाव कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी असेल तर वरच्या वाड्यांवरून खाली उतरलेला धनगर किंवा लाकूडतोड्याही असू शकतो. दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवा. कागद हाती लागेपर्यंत त्यातली एकही खोडू नका.

इथेच एक गैरसमज काढून टाका. सगळे मुंत्यानू एकमेकांचे भाऊबंद नाहीत, जसे सगळे डोंगरे नाहीत. डोंगरातून सपाटीवर उतरणारी माणसं शेकडो गावांत उतरली आणि प्रत्येक गावाने आपापल्या पाहुण्याला हेच नाव दिलं. एखाद्या संकेतस्थळाने ह्या आडनावाचं 'कुलचिन्ह' विकायला काढलं असेल तर पैसे वाचवा.

दुसरी पायरी: शेपटी वाचायला शिका

नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त तास इथे वाया जातात. एकच स्पेलिंग घेऊन शोधत बसतात आणि 'काही सापडत नाही' म्हणून सोडून देतात. ह्या नावाची मुख्य रूपं अशी.

कार्पेथियनच्या बाहेर, जुन्या रोमानियन संस्थानांत, मुंत्यानू. डोंगरांच्या कमानीच्या आत, ट्रान्सिल्व्हेनियात, शेवटचा 'ऊ' नसलेलं मुंत्यान फार दिसतं. हा भाग १९१८पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे हंगेरियन कारकुनाने लिहिलेल्या कागदात ते टी-वाय वापरून लिहिलेलं सापडेल, कधी शेवटच्या 'ए'वर तिरकी रेघ देऊन.

बनात हा भाग आज मुख्यतः रोमानिया आणि सर्बिया ह्यांच्यात वाटलेला आहे. तिथल्या बोलीत 'ते'चा उच्चार 'च'कडे झुकतो. सर्बियाच्या बाजूला म्हणूनच हे नाव 'मुंचान' झालं. सर्बियाची मध्यम पल्ल्याची धावपटू मारिना मुंचान पान्चेव्होची, त्याच टापूतली. नाव ऐकून कोणाला रोमानियन डोंगर आठवणार नाही, पण आत डोंगरच आहे. तरी ह्या नियमाला रुळासारखं धरू नका. रोमानियाकडून १३४ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला फुटबॉलपटू दोरिनेल मुंत्यानू हाही बनातचाच, आणि त्याच्या नावाची शेपटी मात्र प्रमाण भाषेतली.

पूर्वेला बेसराबिया, म्हणजे आजचं बरंचसं मोल्दोव्हा आणि युक्रेनचा थोडा भाग, १८१२मध्ये रशियाकडे गेलं. रशियन लिपीत नाव 'मुंत्यान' असं, रशियन 'या' अक्षर वापरून लिहिलं गेलं. तेच पुन्हा इंग्रजी अक्षरांत आणताना कोणी टी-वाय-ए-एन केलं, कोणी टी-आय-ए-एन, कोणी टी-ई-ए-एन. मोल्दोव्हात १९८९मध्ये लॅटिन लिपी परत आली तेव्हा एकाच घरात बापाचं स्पेलिंग एक आणि मुलाचं दुसरं अशी गत झाली. १९६९चा सोव्हिएत संघाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू व्होलोदिमिर मुंत्यान ओदेसा प्रांतात जन्मलेला, ह्याच रशियन वळणाच्या नावाचा.

आता फसवणुकीची जागा. 'यान'ने संपणारं नाव दिसलं की रशियात आणि युरोपात लोक त्याला आर्मेनियन समजतात. पेत्रोस्यान, सार्ग्स्यान ही आर्मेनियन आडनावं आहेतच. फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. शेवटचं 'यान' काढून टाका आणि काय उरतं ते बघा. आर्मेनियन आडनावात बहुतेक वेळा एखाद्या पूर्वजाचं नाव किंवा धंदा उरतो, पेत्रोस किंवा सार्गिस. इथे उरतो 'मुंत', रोमानियन डोंगर.

ह्याउलट 'यानू' दिसलं म्हणजे पूर्वज नावातल्या ठिकाणचाच, असंही धरू नका. एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या लोकांनी नावाला रोमानियन वळण देण्यासाठी शेपट्या बदलल्या किंवा नव्या नावांसकट घेतल्या. कवी मिहाई एमिनेस्कू जन्माने एमिनोविची. १८६६मध्ये त्याची कविता छापताना संपादकाने नाव बदललं. समाजवादी विचारवंत कोन्स्तान्तिन दोब्रोज्यानू-ग्येर्याचं जन्मनाव सोलोमोन कात्झ होतं.

तिसरी पायरी: सालाशेजारी राज्य लिहा

वहीत तीन उभे रकाने आखा: साल, गाव, त्या साली तिथे राज्य कोणाचं. तिसरा रकाना भरायला आळस केला तर पुढचं सगळं चुकतं, कारण कागद कुठल्या भाषेत आणि कुठल्या लिपीत असेल हे तोच सांगतो.

ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या राज्यातून १ डिसेंबर १९१८ला रोमानियात यायचं ठरलं आणि १९२०च्या त्रियानों तहाने त्यावर शिक्का बसला. उत्तरेकडचा बुकोव्हिना १७७५पासून १९१८पर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. बेसराबिया १८१२ ते १९१८ रशियाकडे, मग रोमानियाकडे, १९४०मध्ये सोव्हिएत संघाकडे, १९४१मध्ये पुन्हा रोमानियाकडे आणि १९४४मध्ये परत सोव्हिएत संघाकडे. एका म्हाताऱ्या माणसाने उंबरठा न ओलांडता चार वेळा राज्य बदललेलं पाहिलं असं तिथे सहज घडलं.

गावांचीही दोन-तीन नावं असतात. क्लुज म्हणजे हंगेरियनमध्ये कोलोझ्वार आणि जर्मनमध्ये क्लाउझेनबुर्ग. सिबियू म्हणजे नॉजसेबेन आणि हेर्मानश्टाट. जुन्या कागदात हंगेरियन नाव आलं की ते आजच्या नकाशावर शोधून शेजारी लिहा, तेही लगेच. नंतर करू म्हटलं की राहून जातं.

चौथी पायरी: दप्तरं

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नावं मिळतात. रोमानियात तसं काम चर्चच्या वहीने केलं आहे: बाप्तिस्मा, लग्न, दफन. नागरी नोंदणी त्यानंतरची. जुन्या रोमानियात ती १८६५पासून, हंगेरीच्या राज्यात १ ऑक्टोबर १८९५पासून.

ट्रान्सिल्व्हेनियातल्या १८९५नंतरच्या वहीत माणसाचं पाळण्यातलं नावसुद्धा हंगेरियन केलेलं असतं. घरी जो इओन, तो वहीत यानोश. घरी जो ग्योर्गे, तो वहीत ज्यॉर्ज. 'आमच्यात यानोश कोणी नव्हता' म्हणून ती नोंद सोडून देऊ नका.

धर्माचा रकानाही बघा. ट्रान्सिल्व्हेनियातले बरेच रोमानियन ग्रीक-कॅथलिक होते. १९४८मध्ये साम्यवादी सरकारने ह्या चर्चवर बंदी आणली आणि त्याची देवळं ऑर्थोडॉक्स चर्चकडे गेली. त्यामुळे आज गावात ऑर्थोडॉक्स चर्च दिसत असलं तरी पणजोबांची वही ग्रीक-कॅथलिक असू शकते.

लिपीचं काय? मराठी माणसाला हे चटकन कळेल. जशी आपली जुनी कागदपत्रं मोडीत, तशी रोमानियन भाषा साधारण १८६०पर्यंत सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या अक्षरांत लिहिली जात होती. भाषा तीच, अक्षरं वेगळी. घाबरायचं कारण नाही. सगळी वही वाचायची नाही, एक नाव शोधायचं आहे. 'मुंत्यान' हा शब्द सिरिलिकमध्ये कागदावर वीस-पंचवीस वेळा गिरवा, म्हणजे पानावरून नजर फिरवताना तो आकार आपोआप थांबवतो. मोडीच्या वर्गात आपण आधी आपलंच आडनाव गिरवतो, तसंच.

तारखांत दोन आठवड्यांच्या आसपास फरक दिसला तर कोणाची चूक समजू नका. रोमानियाने नवं कॅलेंडर १९१९मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या ऑर्थोडॉक्स वह्या जुन्या कॅलेंडरच्या आहेत.

नावांचा क्रमही आपल्या ओळखीचा आहे. रोमानियन कागदात आडनाव पुष्कळदा आधी येतं, आणि याद्यांत मध्ये वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. एका गावात दहा मुंत्यानू इओन असतील तर ते एक अक्षर सोन्याच्या मोलाचं. गावकरी मात्र त्या दहा जणांना टोपणनावांनी ओळखतात. टोपणनावाला ते 'पोरेक्ला' म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना 'आपली पोरेक्ला काय होती?' हे विचारायला विसरू नका. कागदात नसलेली फांदी त्या एका शब्दाने सापडते.

वह्या ठेवलेल्या असतात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जिल्हा शाखांत. अलीकडच्या वह्या गावच्या 'प्रिमरिये'त, म्हणजे नगरपालिकेत. काही वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च ह्या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. सुरुवात तिथून करा.

पाचवी पायरी: आगबोटीची यादी

पहिल्या महायुद्धाआधीच्या दीड-दोन दशकांत ट्रान्सिल्व्हेनिया, बनात आणि बुकोव्हिना इथून हजारो रोमानियन शेतकरी अमेरिकेत गेले. त्यांच्यात एक वाक्प्रचार होता, 'मिया शी द्रुमुल', म्हणजे हजार आणि वाटखर्च. हजार डॉलर साठवायचे, परतीचं भाडं बाजूला काढायचं आणि गावी येऊन जमीन घ्यायची. पोलादाच्या भट्ट्या आणि कारखाने होते क्लीव्हलँड, यंगस्टाउन, गॅरी, डेट्रॉइट इथे. ह्या गावांत आजही रोमानियन चर्चं आहेत. क्लीव्हलँडचं सेंट मेरी १९०४चं. कॅनडात लोक शेतीसाठी गेले. आल्बर्टातल्या एका वस्तीला त्यांनी बुकोव्हिनातल्या आपल्या गावाचं, बोयानचं, नाव दिलं.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेल्यांच्या बोटयाद्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. 'बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं' ही कथा घरोघरी सांगतात, आणि ती खरी नाही. यादी बोट निघण्याच्या बंदरात तयार व्हायची, हॅम्बुर्गला, ब्रेमेनला किंवा फियुमेला. एलिस बेटावर ती फक्त पडताळली जायची. नावात बदल झाला तो बहुतेक पुढे, कारखान्यात, शाळेत आणि नागरिकत्वाच्या कागदावर.

अशी एक ओळ डोळ्यांसमोर आणा. नाव टी-वाय घालून लिहिलेलं. वय, लग्न झालं की नाही, धंद्यात 'मजूर'. राष्ट्रीयत्व हंगेरी. नवखा इथेच थांबतो आणि म्हणतो, हा तर हंगेरियन. पुढचा रकाना वाचा: वंश किंवा लोक. तिथे रोमानियन लिहिलेलं असतं. मग शेवटचा मुक्काम, आणि १९०७पासून मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता. बायको, नाहीतर बाप. ओळ इथे संपत नाही. ती शेजारच्या पानावर चालू राहते, आणि ते पान संगणकावर वेगळं चित्र म्हणून उघडावं लागतं. त्यावर जन्मगाव, तिकिटाचे पैसे कोणी दिले, अमेरिकेत कोणाकडे चालला, उंची, डोळ्यांचा रंग. खिशात किती डॉलर होते तेही ह्याच ओळीत. गावाचं नाव ज्या कागदावर सापडतं तो बहुतेक हाच, आणि दुसरं पान न उघडल्यामुळे तो हातचा जातो.

अमेरिकेच्या १९१०च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे, तोही बघा. १९२४च्या कायद्याने रोमानियासाठी वर्षाला अवघ्या ६०३ जणांची मर्यादा घातली, त्यामुळे त्यानंतरच्या याद्यांत हे नाव विरळ होतं. ट्रान्सिल्व्हेनियातून निघालेला माणूस 'ऊ' नसलेलं नाव घेऊन आला, म्हणून अमेरिकेतल्या जुन्या घरांत मुंत्यान शोधा. मुंत्यानू दिसलं तर ते बहुधा पुष्कळ नंतर आलेलं घर.

पूर्वेकडचा प्रवास मात्र मर्जीचा नव्हता. जून १९४१ आणि जुलै १९४९मध्ये सोव्हिएत सत्तेने मोल्दोव्हातली हजारो कुटुंबं रातोरात सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. तिथे आज कोणी मुंत्यान भेटला तर त्या घरी हा विषय जपून काढा. आधी ऐकून घ्या, कागदाचं नंतर बघू.

सहावी पायरी: आजचा नकाशा

१९९२च्या जनगणनेत रोमानियाची लोकसंख्या २ कोटी २८ लाख होती, २०२१मध्ये १ कोटी ९० लाख. त्यात जन्म घटल्याचा भाग आहे, पण लोक बाहेर गेल्याचा फार मोठा. २००२पासून बहुतेक युरोपात व्हिसा न घेता जाता आलं, २००७मध्ये रोमानिया युरोपीय संघात आला. इटलीत आज दहा लाखांहून अधिक रोमानियन नागरिक आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत रोमानियात जन्मलेले ५ लाख ३९ हजार निघाले. स्पेन आणि जर्मनीतही मोठ्या वस्त्या आहेत. ह्या लाटेत सगळ्या भागांतले लोक आहेत, म्हणून सगळ्या शेपट्या एकाच शहरात सापडतात.

आकडे सरकारी ठिकाणांहून घ्या. स्पेनची सांख्यिकी संस्था आडनावांची प्रांतवार संख्या देते. तिथे माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांकडचं आणि आईकडचं, आणि संस्था दोन्ही रकाने वेगळे दाखवते. दोन्हींची बेरीज केलीत तर आकडा फुगेल. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १०० किंवा त्याहून जास्त वेळा आलेल्या आडनावांच्या याद्या २००० आणि २०१०साठी प्रसिद्ध केल्या आहेत. जगाचा रंगीत नकाशा काढून देणारी खासगी संकेतस्थळं बघायला छान, पण त्यांचे आकडे अंदाजाचे. आणि कुठेही मोजा, प्रत्येक रूप वेगळं मोजा, मग शेजारी शेजारी ठेवा. एक सोय ह्या नावात आहे: त्याच्या रोमानियन स्पेलिंगमध्ये खालीवर खुणा असलेलं एकही अक्षर नाही. त्सुर्कानूसारख्या नावाला परदेशात गेल्यावर खूण गमवावी लागते, मुंत्यानूला नाही.

सातवी पायरी: पत्र

गाव सापडलं की प्रिमरियेला पत्र लिहा. लांबलचक नको. 'बुना झिवा' म्हणून सुरुवात करा, म्हणजे नमस्कार. पुढे चार ओळी रोमानियन जाणणाऱ्याकडून तपासून घ्या: पूर्वजाचं नाव आडनाव आधी घालून, वडिलांचं नाव, अंदाजे जन्मसाल, आणि तुमचं त्याच्याशी नातं. नातं सिद्ध करणाऱ्या कागदाची प्रत जोडा. अलीकडच्या नोंदी परक्याला देत नाहीत, म्हणून पत्रावर सुनेची किंवा जावयाची सही असू द्या.

दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्याच गावच्या चर्चच्या पाद्रीबाबांना लिहा. त्यांना 'पारिंते' म्हणतात. स्मशानातल्या क्रूसांवरची नावं त्यांच्या रोजच्या नजरेखालची असतात, आणि कुठल्या मुंत्यानूंची पोरेक्ला काय हे त्यांना वहीशिवाय सांगता येतं.